अनुभव धागा: शाळेतल्या बाई, चर्चमधल्या बाई, घरातली आई

आई गेली त्याला आता वर्ष होईल. नगर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती, रविवारी सण्डे स्कूल घ्यायची, मधल्या वारी बायकांची प्रार्थनासभा, डिसेंबरात कॅरोलच्या पोरांना घेऊन रात्री गावभर फिरणं, हे सगळं तिच्याकडेच. दफनविधीला पाळकसाहेब चांगलं बोलले, प्रेमळ होत्या, सेवाभावी होत्या, कष्टाळू होत्या. खरंच होती ती तशी, पण हे कोणाच्याही आईबद्दल बोलता येतं हो. ती नेमकं करायची काय ते कोणी सांगितलंच नाही. म्हणून हा धागा. तुमची आई, सासू, आजी, शाळेतल्या बाई, कोणीही चालेल. फक्त विशेषणं नकोत, कामं सांगा.

सुरुवात मी करते. आमच्या शाळेत दुपारनंतर लाईट नसायची म्हणून आई चौथीच्या स्कॉलरशिपची पोरं चर्चच्या व्हरांड्यात बसवायची, सगळ्या जातीधर्माची. गावात कुजबुज सुरू झाली की बाई पोरं बाटवायला नेतात. आईने कुणाशी वाद घातला नाही, जी जास्त बोलत होती तिलाच म्हणाली, तू येऊन बस की, बघ मी काय शिकवते ते. ती मेथीची जुडी घेऊन आली, निवडत बसली, अपूर्णांक ऐकले आणि गेली. पुढे ती सवयीनेच यायला लागली, कधी मेथी कधी घेवडा, आणि गणित चुकलं की आईच्या आधी तीच पोराच्या पाठीत धपाटा घालायची.

नगरकर
नगरला चर्च आणि पोरींची शाळा हे नातं फार जुनंय. सिंथिया फरार 1827 साली अमेरिकेहून मुंबईत आल्या आणि पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांचं शिक्षिकेचं ट्रेनिंगही त्यांच्याकडेच झालं असं सांगतात. माझी आजी मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकून मास्तरीण झालेली. तिच्या पिढीतल्या बायकांना घराबाहेर मान मिळायची दोनच ठिकाणं होती, शाळा आणि देऊळ (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात). म्हणून त्या दोन्हीकडे जीव टाकायच्या असं मला वाटतं, नुसती भक्ती म्हणून नाही. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं आजीला तोंडपाठ, आणि पेटीवाला आला नाही तर स्वतः पेटीवर बसायची, तेव्हाच्या पुरुष मंडळींना ते फारसं रुचायचं नाही पण दुसरं कोणाला येतच नव्हतं त्यामुळे करतात काय.

वसईची वाडी
आम्ही कॅथलिक, त्यामुळे थोडं वेगळं. मम्मी धर्मग्रामाच्या मराठी शाळेत होती. पहाटे वाडीतली फुलं दादरच्या गाडीला जायची, ती बांधून द्यायची, मग मिस्सा (चर्चमधली उपासना), मग शाळा. ती लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये असायची, साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आलं. ती म्हणायची, तोपर्यंत आम्ही नुसतं गुडघे टेकायचो, कळायचं काहीच नाही. म्हणून असेल, पण मिस्सातलं बायबलचं वाचन कोणी गडबडीत उरकलं की तिला सहन व्हायचं नाही. शनिवारी संध्याकाळी रविवारच्या वाचकांना आमच्या ओटीवर बोलवायची आणि मोठ्याने वाचून घ्यायची. स्वल्पविरामाला थांब, संत पौल काय गाडी पकडायला निघालाय का! पन्नाशीचे बाप्ये तिच्यापुढे पहिलीतल्या पोरांसारखे उभे.

शिवाय विन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम. गरजू घरांत तांदूळ-डाळ द्यायला ती अंधार पडल्यावरच निघायची. मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, दिवसा गेलं की शेजारी पिशवी मोजतात.

कोयत्याचा पोरगा
मी ख्रिश्चन नाही, हिंदू आहे, चालेल ना? पाथर्डी तालुक्यातला, आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अर्धा वर्ग रिकामा, थेट उन्हाळ्यातच परत. आमच्या बाई दसऱ्यापासूनच घरोघर फिरायच्या, पोराला आजीपाशी ठेवा, न्यायचं नाही. माझ्या बापाने उचल घेतलेली, तो म्हणाला, म्हातारीचंच कोण बघतंय, त्यात याला कोण खाऊ घालणार. बाई म्हणाल्या, माझ्याकडं जेवंल. आणि जेवलो, आम्ही चारपाच पोरं, पूर्ण हंगाम, त्यांच्याच घरात, त्यांच्या पोरांबरोबर, भाकरी आणि बहुतेक वेळा वांगं. शासनाची हंगामी वसतिगृहं वगैरे आमच्यापर्यंत फार नंतर आली. रविवारी त्या चर्चला जायच्या तेव्हा आम्हाला चला म्हटलं नाही कधी, उलट जाताना पाढे लिहायला देऊन जायच्या. नाताळच्या करंज्या मात्र दिवाळीपेक्षा भारी. आज मी तलाठी आहे.

थोडं वेगळं
सगळं वाचलं, छान आहे, पण एक लिहू का. वरच्या अनुभवातली "त्यांची पोरं" म्हणजे आमच्यासारखी. आमचीही आई शिक्षिका, चर्चच्या महिला मंडळाची खजिनदार, कोणाच्या घरी मयत झाली की पहिला फोन तिला. आमच्या वाढदिवसाला घरात कायम दुसऱ्याच कोणाचं तरी दुःख बसलेलं असायचं. तापाने फणफणले होते तेव्हा ती जनगणनेच्या ड्युटीवर, आणि तिथून परस्पर एका आजारी म्हातारीकडे. माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही, पण ते रांगेत उभं राहून घ्यावं लागायचं. आणि तिला तरी काय मिळालं? चर्चच्या कमिटीत कायम पुरुष, हिशेब लिहायला ही, सही करायला ते. ती होती तोवर हे बोलले नाही, आता बोलते.

धागाकर्ती
@थोडं वेगळं, बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे माझा धाकटा भाऊ अगदी हेच म्हणतो, आणि आईला ते माहीत होतं. ती त्याला म्हणायची, तू माझ्याशी भांडू शकतोस, त्या पोरांना भांडायलाही कोणी नाही. त्याला हे उत्तर कधी पटलं नाही. मलाही पूर्ण पटत नाही.

किल्लारीजवळची
मोबाईलवरून टाईप करतेय, चुका समजून घ्या. 1993 च्या भूकंपानंतर आईने चर्चमध्ये आलेले कपडे वाटायच्या आधी एकेक उलटून बघितले, बटण तुटलेलं, चेन गेलेली सगळं बाजूला आणि आम्ही पोरी सुईदोरा घेऊन बसलो. घर पडलंय म्हणून माणूस फाटकं का घालेल, असं तिचं म्हणणं. त्यात एक ढीग निघाला चक्क पार्टीच्या झगमगीत फ्रॉकचा, मुंबईहून आलेला. ते तिने कापून गोधड्यांना लावले, थंडीत चकाकणाऱ्या गोधड्या घेऊन फिरत होते लोक.

पेन्शनर सून
सासूबाईंचा दशमांश. पेन्शन जमा झाली की दहावा भाग आधी चर्चच्या पाकिटात, मग भाजी, मग औषधं. सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा पेन्शनचा फरक आला, आम्ही म्हटलं आता गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या. त्या कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, फरकावर पण दशमांश लागतो ना? फादर-पाळक कोणी असतील इथे तर सांगा, कारण त्यांनी तर देऊन टाकला.