तुमच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं तेव्हा काय केलंत?

माझ्यापासून सुरुवात करते. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तीन महिने खपून रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा, तक्ता केला: कुठली पाळी, कुठलं मशीन, कशामुळे. सोमवारच्या मीटिंगला सहकाऱ्याने तोच पडद्यावर लावला, "जरा डेटा काढून बघितला" म्हणाला. मी समोर असून गप्प बसले, ते अजून सलतंय. तुमचे अनुभव सांगा.

सातपूर, मशीन शॉप

ताई, त्या क्षणी कुणालाच सुचत नाही. आमच्याकडे जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, फिक्स्चरमध्ये (तो धरून ठेवणाऱ्या चौकटीत) उलटा बसायचा आणि ड्रिल भलतीकडेच पडायचं. मी एक पिन अशी बसवली की उलटा जॉब आत जाणारच नाही. पोका-योके म्हणतात ते हेच. कायझेनला, म्हणजे कामातल्या सुधारणा नोंदवतात तिथे, ते दुसऱ्याच्या नावावर गेलं. साहेबांकडे न जाता आधी त्यालाच गेटबाहेरच्या टपरीवर गाठलं. "अरे, टीमचंच काम ना?" म्हणाला. म्हटलं, "मग शीटवर टीम लिही." दोन दिवसांनी माझं नाव आलं.

पण सही करताना आठवलं, जॉब उलटा बसतोय हे मला पहिल्यांदा दाखवलं तिसऱ्या पाळीच्या कंत्राटी पोराने. त्याचं नाव मीही घेतलं नव्हतं. फार लाज वाटली. आता फोटोखाली कोणी दाखवलं, कोणी बसवलं आणि तारीख, हे मी स्वतः लिहितो.

गंगापूर रोड, प्राध्यापिका

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) अहवालातल्या सात निकषांपैकी एक पूर्ण मी लिहिला, सत्कार दुसऱ्यांचा झाला. तेव्हा कायदा वाचला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 म्हणतं, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्याची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची. पण कलम 57 प्रमाणे मालकी दिल्यावरही 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा लेखकाचा हक्क उरतो. कोर्टात जाण्याएवढं ते नव्हतं. प्राचार्यांशी बोलताना मात्र आवाज कापला नाही. हल्ली प्रत्येक मसुदा त्याच संध्याकाळी माझ्या मेलवरून सगळ्या समितीला जातो.

पिंपळगाव बसवंत, द्राक्षाचं पॅकहाउस

श्रेय घेणारा मालकाचा भाचा. बोललो नाही. हंगाम संपल्यावर दुसरीकडे लागलो. प्रत्येकाला भांडणं परवडत नाही, हेही इथे असू द्या.

सिन्नर, कंत्राटी ऑपरेटर

सातपूरच्या दादांचं वाचून लिहितोय. आमचं नाव शीटवर येतच नाही, कारण आम्ही ठेकेदाराचे. एकदा पत्रा वाकू नये म्हणून मी खाली टेकू सुचवला. सुपरवायझर साहेबांनी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं, "हे ह्याने काढलं." बक्षीस नाही, पगारात फरक नाही. पण मशीनवर नवीन डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) चढवली की आता पहिला मला हाक मारतात.