परदेशातल्या सहकाऱ्यांनी सोडवलेलं स्ट्रक्चर मला पटत नाहीये. पेपरचं काय करू?

निळे_स्फटिक
नमस्कार. पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. तांब्याच्या एका कॉम्प्लेक्सचे स्फटिक वाढवायला मला अकरा महिने लागले. आमच्याकडे सिंगल क्रिस्टल डिफ्रॅक्टोमीटर (एका स्फटिकावर क्ष-किरण टाकून अणूंची रचना काढायचं यंत्र) नाही, म्हणून ते दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या पोस्टडॉकने 100 केल्विनला डेटा घेतला, स्ट्रक्चर सोडवलं आणि सिफ, म्हणजे त्या रचनेची फाइल, पाठवली. आर (मॉडेल आणि मोजमाप यांतली तफावत, जितकी कमी तितकी बरी) 4.1 टक्के. मी आनंदाने पेपर लिहिला.

तो आता परत आलाय. चेकसिफमध्ये (सिफ तपासणारा प्रोग्राम) बी पातळीचे, म्हणजे बऱ्यापैकी गंभीर, दोन अ‍ॅलर्ट आहेत, दोन्ही प्लॅट306: एकटा ऑक्सिजन, हायड्रोजन राहिलेत का? हे अणू म्हणजे ओ1डब्ल्यू आणि ओ2डब्ल्यू, आम्ही पाणी म्हणून दाखवलेले. परीक्षकाने एकच ओळ लिहिली आहे: "भाराचा हिशोब लागत नाही." आणि खरंच लागत नाही. तांबं अधिक दोन, त्याला जोडलेलं नायट्रेट उणे एक, लिगँड (तांब्याला जोडलेला दुसरा रेणू) उदासीन. अधिक एक उरतोच, आणि समोर नुसती दोन पाण्यं.

पोस्टडॉक मधल्या काळात नोकरी बदलून गेला. तिथले प्रमुख म्हणतात, पाण्याचे हायड्रोजन पुष्कळदा सापडत नाहीत, तसं उत्तर लिहून पाठवून द्या. पण पेपरवर पहिलं नाव माझं आहे आणि मला ते पटत नाहीये. माझ्याकडे एचकेएल फाइलही (मोजलेला डेटा) नाही. मी स्वतः परत रिफाइन करू, म्हणजे मॉडेल डेटाशी पुन्हा जुळवून बघू शकते का? आणि तसं केलं तर तो त्यांचा अपमान होईल का?

आर_फॅक्टर
पाण्याचे हायड्रोजन न दिसणं नेहमीचंच आहे, जड अणू शेजारी असला की जास्तच. मी स्वतः दोनदा तसं उत्तर लिहिलंय आणि दोन्ही पेपर छापून आले. प्रमुखांचं ऐका.

जुना_गोनिओमीटर
वरच्या उत्तराशी मी सहमत नाही. हायड्रोजन न दिसणं वेगळं आणि एक अख्खा ऋण भार गायब असणं वेगळं.

आधी डेटाचं सांगतो. तो तुमच्याकडेच असणार. सिफ साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि खाली जात राहा. शेलएक्सएल या रिफाइन करायच्या प्रोग्रामची 2013 नंतरची आवृत्ती वापरली असेल, तर शेवटी आधी रेस फाइल (मॉडेल आणि सूचना) आणि मग एचकेएल फाइल, अशी जशीच्या तशी चिकटवलेली सापडेल. एच, के, एल, तीव्रता, सिग्मा, अशा हजारो ओळी. श्रेडसिफ हा छोटा प्रोग्राम त्या सुट्या करून देतो. मूळ फ्रेम (यंत्राने टिपलेली चित्रं) त्यांच्याकडेच राहतील, पण पुन्हा रिफाइन करायला एवढं पुरतं. शेलएक्सएलचे कर्ते जॉर्ज शेल्ड्रिक यांनी केलेल्या या एका सोयीने तुमच्यासारख्या कितीतरी जणांना आधार दिलाय.

आता दोन गोष्टी कळवा. त्या "ऑक्सिजन"पासून जवळचा नायट्रोजन किती अंतरावर आहे? आणि स्फटिक ज्या बाटलीत वाढले तिच्यात काय काय होतं? सगळं सांगा, थेंबभर घातलेलंसुद्धा.

निळे_स्फटिक
एचकेएल सापडली! महिनाभर ती माझ्याच फोल्डरमध्ये होती.

ओ1डब्ल्यू ते लिगँडचा अमिनो नायट्रोजन 3.21 अँगस्ट्रॉम, ओ2डब्ल्यू ते दुसरा 3.26. बाटलीत कॉपर नायट्रेट, लिगँड आणि मेथॅनॉल. पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घातले होते. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर ते लिहायचं राहिलं.

जुना_गोनिओमीटर
तेच थेंब. हायड्रोजन जोडलेल्या नायट्रोजनपासून पाण्याच्या ऑक्सिजनपर्यंतचं अंतर साधारण 2.8 ते 3.0 अँगस्ट्रॉम असतं. 3.2 म्हटलं की माझ्या डोक्यात क्लोराइड येतं. आणि इलेक्ट्रॉन मोजून बघा: क्लोरिनचे 17, त्याचे निम्मे साडेआठ. ऑक्सिजनचे 8. एकच क्लोराइड दोन जागांवर अर्धं अर्धं विभागलं असेल, तर नकाशावर ते हुबेहूब दोन पूर्ण ऑक्सिजनसारखं दिसतं. हायड्रोजन सापडणार कुठून, ते तिथे नाहीतच.

दोन्ही जागी क्लोरिन ठेवा, ऑक्युपन्सी (त्या जागी अणूचा वाटा किती) शेलएक्सएलच्या भाषेत 21 आणि उणे 21 अशी एकाच फ्री व्हेरिएबलला बांधा, म्हणजे बेरीज एक राहील. पण नुसत्या रिफाइनमेंटवर थांबू नका. उरलेल्या स्फटिकांवर सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा करा, क्लोराइड असेल तर पांढरा साका येईल.

अपमानाचं म्हणाल, तर न सांगता बदलून पाठवलंत तर नक्की होईल. जुनं आणि नवं रिफाइनमेंट शेजारी शेजारी ठेवून त्यांना पाठवा, आम्लाबद्दलही स्पष्ट लिहा. पोस्टडॉकलाही शोधून काढा. मोजमाप त्याचं आहे, नोकरी बदलली म्हणून लेखक म्हणून त्याचा हक्क जात नाही. सगळ्या सहलेखकांचा होकार आल्याशिवाय सुधारित प्रत पाठवू नका.

सममिती
मी परीक्षक म्हणून बरीच स्ट्रक्चर पाहते, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. अणूची ओळख चुकणं आमच्या क्षेत्राला फार लागतं. 2010च्या सुरुवातीला अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका सेक्शन ई या नियतकालिकाच्या संपादकांनी जाहीर केलं की निदान 70 स्ट्रक्चर बनावट निघाली. खरा डेटा एकदाच घेतलेला, मग त्यात एक धातू काढून दुसरा बसवून नवे पेपर केलेले. मोजलेली तीव्रता लेखासोबत जमा करायची पद्धत होती म्हणूनच ते पकडता आलं. तुमची चूक प्रामाणिक आहे, तिचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण म्हणूनच परीक्षक अणूच्या ओळखीवर अडून बसतात.

आणि केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेस, म्हणजे सोडवलेल्या स्फटिक रचनांचा साठा, बघा. 1965 साली सुरू झाला, 2019मध्ये दहा लाख स्ट्रक्चर पूर्ण झाली. तुमचं क्लोराइड तिथे पाणी म्हणून गेलं असतं, तर उद्या हायड्रोजन बंधांच्या लांबीची सरासरी काढणाऱ्याच्या हिशोबात ते पाणी म्हणूनच आलं असतं. सिफ आधीच जमा केली असेल तर छापून येण्याआधी त्याच डिपॉझिशन नंबरवर सुधारित फाइल देता येते. ते विसरू नका.

निळे_स्फटिक
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

ऑक्युपन्सी 0.52 आणि 0.48 आली. आर 3.7 टक्के. दोन्ही अ‍ॅलर्ट गेले, डिसऑर्डरची (अणू दोन जागी विभागल्याची) साधी नोंद उरली. चार स्फटिक पाण्यात विरघळवले, नायट्रिक आम्ल घातलं, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला आणि नळी दुधाळ झाली. मी ती बराच वेळ हातात धरून उभी होते.

प्रमुखांनी दोन्ही फाइल पाहून होकार कळवला. पोस्टडॉकचा नवा पत्ता त्याच्या एका जुन्या पेपरच्या सहलेखकाकडून मिळाला. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पहिल्या दिवशी त्याने तिथे क्लोराइड ठेवून पाहिलं होतं आणि ते बसतही होतं. पण माझ्या फॉर्मवर क्लोरिन नव्हतं, म्हणून काढून टाकलं. ती रेस फाइल त्याने जपून ठेवली होती, ती सोबत जोडली आहे.

आता फॉर्म पुन्हा भरलाय, आम्लाच्या थेंबांसकट, आणि सुधारित प्रतीसोबत त्यालाही पाठवलाय.