राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र: तिन्ही सोबत शिकलेल्यांनो, अनुभव सांगा

भाचीची बारावी झाली, तिला हे तिन्ही विषय एकत्र घ्यायचेत. ऑक्सफर्डला १९२० पासून पीपीई नावाचा कोर्स आहे, विल्सनपासून सुनकपर्यंत ब्रिटनचे कितीतरी पंतप्रधान त्यातूनच निघाले वगैरे तिने वाचलंय. आपल्याकडच्या काही खासगी विद्यापीठांतही तो मिळतो, पण तिथली फी ऐकून भाऊजी गप झाले. नागपुरातच बीएला हे तीन विषय घेतलेलं कुणी आहे का? खरं काय ते लिहा, जाहिरात नको.

तर्रीवाला
मी घेतले होते. घरी सांगितलं तर बाबा म्हणे, तत्त्वज्ञान कायले पाहिजे बे, कीर्तन करतं का आता? वर्गात पोट्टे कमी, त्यामुळे सर नाव घेऊन विचारायचे, पळायला जागाच नाही. सगळ्यात मजा लॉजिकमध्ये आली. बाकी पेपरांत पुरवण्या भरायच्या, इथे अर्ध्या पानात उत्तर, एक तर बरोबर नाही तर चूक.

बर्डीवरची
मला हे तीन विषय खरे कळले ते अनुशेषावर प्रोजेक्ट केला तेव्हा. आपल्याकडे हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, हिवाळी अधिवेशन आलं की पेपरात रोजच. पण तो मोजतात कसा हे माहीत नव्हतं. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल काढला. पद्धत अशी की सिंचन, रस्ते, वीज अशा एकेका गोष्टीची राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा त्याच्या खाली असेल त्याला तिथवर आणायला किती पैसा लागेल तो त्याचा अनुशेष. एकूण आला ३१८६ कोटी, त्यात विदर्भाचा सुमारे ३९ टक्के, पण उर्वरित महाराष्ट्राचाही, म्हणजे विदर्भ-मराठवाडा सोडून बाकीच्याचा, ३७ च्या आसपास! हे बघून मी चाटच पडले, कारण घरी तर सगळं पश्चिम महाराष्ट्राने नेलं हेच ऐकलेलं. झालं असं की हिशोब जिल्ह्यावर केला, आणि मागे पडलेले जिल्हे तर तिकडेही आहेतच. आता एकक जिल्हा धरायचा की प्रदेश, हे कोण ठरवणार? ते राजकारण, त्यासाठी विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेला १९५३ चा नागपूर करार आणि मागास भागांच्या समतोल विकासाचं घटनेतलं कलम ३७१(२) वाचावं लागतं. सरासरीला आणलं म्हणजे न्याय झाला का? सरासरी म्हटली की कुणीतरी तिच्या खाली असणारच, मग सगळ्यात मागच्याला आधी द्यायचं की सगळ्यांना एका रेषेत आणायचं, हा सरळ तत्त्वज्ञानाचा प्रश्न, आणि न्यायावर लिहिणारा तत्त्वज्ञ रॉल्स वाचलेला असला की तो टाळता येत नाही. आणि रुपये मोजायचे ते अर्थशास्त्राने. वेगवेगळ्या तासाला शिकवलेलं त्या एका अहवालात एकत्र दिसलं. परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत ती गोष्ट वेगळी.

पोपट_हॉस्टेलचा
आमच्या रूमवर रविवारी काय खायचं यावरून भांडण. एकाचा क्रम सावजी, पोहे, डोसा. दुसऱ्याचा पोहे, डोसा, सावजी. तिसऱ्याचा डोसा, सावजी, पोहे. दोन-दोन पर्याय घेऊन मत टाका, सावजी पोह्यांना हरवतं, पोहे डोशाला हरवतात, आणि डोसा सावजीला! म्हणजे बहुमताला पाहिजे काय तेच ठरत नाही. हे कोंडोर्से नावाच्या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्येच लिहून ठेवलंय, आणि पसंतीक्रमाची कोणती मतदान पद्धत आणली तरी काही ना काही वाजवी अट सोडावीच लागते हे ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये सिद्ध केलं. अर्थशास्त्राच्या मॅडमनी शिकवलं आणि पुढच्याच तासाला राज्यशास्त्राचे सर जनमताचा कौल म्हणून बोलून राहिले होते, मी मागे बसून हसून राहिलो.

इंदोऱ्याहून
माझ्याकडे हे दीक्षाभूमीवरून आलं. दसऱ्याला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, आजी दरवर्षी बाबासाहेबांच्या लेखनाचा एखादा खंड घ्यायचीच, पिशवीत खाली पुस्तक आणि वर चिवड्याचं पाकीट. बाबासाहेब कोलंबियात सेलिग्मनकडे अर्थशास्त्र शिकले आणि ड्यूईकडे तत्त्वज्ञान, त्यामुळे हे तीन विषय एकत्र कसे असं घरी कुणी विचारलंच नाही. रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं १९२३ चं पुस्तक सेकंड इयरला कळलं नाही, थर्डला कळलं. सोन्यात रुपयाचा भाव काय हे धरून बसू नका, त्या रुपयात वस्तू किती येतात ते स्थिर ठेवा, नाही तर महागाईत मजुरी करणारा मरतो, असं म्हणणं. चलनाचं पुस्तक, पण प्रश्न न्यायाचाच.

नाव_नको
थोडं कडू लिहिते. ताई, भाचीला सांगा गणित सोडू नको. एमएला चांगल्या संस्थेत अर्थशास्त्र घ्यायचं तर प्रवेश परीक्षेत कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स विचारतात, आणि बीएच्या अभ्यासाने ते भागत नाही. यूपीएससीसाठी म्हणून तिन्ही घेणारेही पाहिले, पण तिथे ऑप्शनल एकच असतो, बाकी दोन जीएसमध्ये (सामान्य अध्ययनाच्या पेपरांत) कामी येतात तेवढेच, एथिक्सच्या पेपरला तत्त्वज्ञान जरा जास्त. आणि ऑक्सफर्डचं फार मनावर घेऊ नका, तिथेही पहिल्या वर्षानंतर तीनपैकी एक विषय सोडता येतो, बरेच जण सोडतातही.

तर्रीवाला
अजून एक ताई, ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन टाइमटेबल बघून या. तत्त्वज्ञान सगळीकडे नसते, आणि असलं तरी कुठे कुठे त्याचा तास नेमका अर्थशास्त्राच्या वेळेलाच टाकून ठेवतात.