विद्यापीठाला जंगलात स्वतःचं संशोधन केंद्र हवंच कशाला?

पळसवेल: मागे इथेच कुणीतरी लिहिलं होतं, ‘सेन्सर लावा नि घरी बसा, विद्यापीठाने जंगलात खोल्या बांधायची गरज नाही.’ साफ अमान्य. पेंच-रामटेक पट्ट्यात नागपूर विद्यापीठाचं कायमचं केंद्र हवंच. सागाचा घेर वाढतो मिलिमीटरने आणि पीएचडी आटोपते चार-पाच वर्षांत. अमेरिकेत हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९६३ पासून पावसाचं पाणी तपासत होते, तेव्हा कुठे तिथली आम्लवर्षा ध्यानात आली. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरच्या एकाच तुकड्यातली झाडं १९८८ पासून मोजताहेत. आपल्या पानगळी जंगलाचं काय?

धरमपेठी: फीत कापतील, फोटो येतील, पुढच्या पावसाळ्यात छत गळेल. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, नि तुम्हाला जंगलात गेस्टहाऊस हवंय! सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं दर ५ दिवसांनी फुकट मिळतात. पानगळ बघा की त्यात.

पळसवेल: वरून नुसतं हिरवं दिसतं. सागाखाली मोहाची रोपं तगली की घाणेरी माजली, ते वाकूनच बघावं लागतं. आणि सेन्सरचं म्हणाल, तर मे २०२४ मध्ये आपल्याच शहरात एका यंत्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं शेवटी हवामान खात्यालाच सांगावं लागलं.

रामटेककर: मोजा नं बाप्पा, कोन नाही म्हनते? पन प्लॉट आखला का आमाले बंदी. मार्च-एप्रिलात मोहफुलं येचतो, मंग तेंदूपत्ता. फुलं दिसावी म्हून झाडाखालचा पाला जाळतेत, अन् तुमच्या कागदावर त्याचा ‘वणवा’ होते. इचारलं काय कोनी?

टेपवाला: मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. झाडावर १.३७ मीटरला रंगाचा पट्टा असतो, टेप दरवेळी त्यावरच लावायचा. पावसाळ्यात साल फुगते, त्यामुळे ऋतूही तोच लागतो. मोजणारी पोरं मात्र कंत्राटी. रंग उडालेला असला की नवा गडी अंदाजाने टेप लावतो, आणि झाड कागदावर चक्क बारीक होतं! इमारत राहू द्या, माणूस कायमचा द्या. तोही गावातला, ज्याला पाला कुणी नि का जाळला ते ठाऊक असतं.

धरमपेठी: मग केंद्र नको, दोन पगार हवेत असं म्हणा ना. त्याला माझी ना नाही.

पळसवेल: आणि नमुने ठेवायचे कुठे, पगारावर? एक खोली तरी लागेलच.

रामटेककर: खोलीचं मंग पाहू. पगार कोनाले, थे पयले सांगा.