विषय: सासूबाईंना घेऊन लंडन ते सोलापूर, मुंबईवरून की हैदराबादवरून?

नमस्कार मंडळी,

सासूबाई सहा महिने आमच्याकडं होत्या, आता गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, घरी पोचायचंच म्हणतात, भोगीच्या दिवशी देवाच्या लग्नाच्या अक्षता चुकल्या तर वर्षभर मनाला लागून राहील त्यांच्या. वय 76, गुडघे धरलेत, व्हीलचेअर सांगितलीय. नकाशावर बघितलं तर लंडन-मुंबई सरळ रेषेत साधारण 7200 किलोमीटर, हैदराबाद 7750. म्हणजे मुंबईच जवळ ना? हे म्हणतात मुंबईचं तिकीट काढून मोकळं होऊ. वयस्कर माणसाला घेऊन कुणी गेलंय का?

– हॅरोहून, सोलापूरची सून

---

ताई,

विमानाचे किलोमीटर बघूच नका, घराच्या दारापर्यंतचे तास मोजा. हवेतला फरक जेमतेम पाऊण तासाचा, मुंबईला नऊ तास धरले तर हैदराबादला पावणेदहा. खरा प्रवास उतरल्यावर सुरू होतो.

मी वडिलांना मुंबईवरून नेलं होतं, रात्री उतरलो, गाडी ठरवलेली. सोलापूर तिथनं 400 किलोमीटर, मधे घाट, पुण्याबाहेरची ट्रॅफिक, टेंभुर्णी येईस्तोवर त्यांचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना, ते काही बोलले नाहीत पण मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वेळी आईला हैदराबादवरून आणलं. शमशाबादहून, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावरून, आउटर रिंग रोड धरला की शहरात शिरावंच लागत नाही, संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा असा सरळ 65 नंबरचा हायवे, सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, दोनदा थांबून सहा-साडेसहा तासात घरी. घाट नाही ही सगळ्यात मोठी गोष्ट.

मुंबईच घेणार असाल तर सकाळी उतरणारं विमान बघा आणि दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत पकडा, 455 किलोमीटर, साडेसहा तास. पण दादरला चढवू नका, गाडी तिथं थोडाच वेळ थांबते, सीएसएमटीला जाऊन निवांत बसवा. रात्री साडेदहा-अकराला सोलापूर स्टेशन.

सोलापुरातल्या होटगी रोडच्या विमानतळावरून 2025 पासून गोव्याचं आणि मुंबईचं विमान सुरू झालं याचा आनंद मलाही आहे, किती वर्षं वाट बघितली आपण. तरी पहिल्याच वेळी वयस्कर माणसासोबत त्यावर विसंबू नका. दोन तिकिटं वेगळी काढली आणि लंडनचं विमान उशिरा आलं तर पुढचं चुकतं, आणि लहान विमानात सामानाची मर्यादाही कमी.

गोळ्यांचं आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत साडेपाच तासांचा फरक पडतो. आणि तुमचं परतीचं विमान तासभर जास्त घेईल, वरचा वारा पश्चिमेकडनं असतो, तेव्हा हीथ्रोला घ्यायला येणाऱ्याला तसं सांगा.

– रेडिंगहून, मूळ जुळे सोलापूर

---

दादा,

मनापासून आभार. तुमची मेल सासूबाईंना वाचून दाखवली. किलोमीटर, तास काहीच विचारलं नाही त्यांनी, रस्ता कुठनं जातो एवढंच विचारलं. उमरग्याच्या पुढं नळदुर्ग लागतं म्हटल्यावर म्हणाल्या, "मग झालं की, नळदुर्ग आलं की घरच आलं." हैदराबादचं तिकीट आज काढलं, दीर गाडी घेऊन विमानतळावर येतायत, येताना शेंगा चटणी आणि कडक भाकरी आणायला सांगितलीय त्यांना, आईंना वाटेत दुसरं काही खायचं नाहीये.