कॉफीच्या साखळी दुकानांनी गाणी विकावीत का?

टिळकवाडीकर
विकावीत, असं माझं ठाम मत आहे. स्टारबक्सनं 1999 मध्ये हिअर म्युझिक ही गाण्यांची कंपनी घेतली. 2004 मध्ये कॉन्कॉर्ड या ध्वनिमुद्रण कंपनीसोबत अमेरिकन गायक रे चार्ल्स यांचा अखेरचा अल्बम काढला आणि पुढच्या वर्षी त्याला 8 ग्रॅमी पुरस्कार मिळाले. 2007 मध्ये बीटल्समधले पॉल मॅकार्टनीसुद्धा त्यांच्याच लेबलवर आले. जे लोक गाण्याच्या दुकानाची पायरी चढत नव्हते, त्यांनी कॉफी घेता घेता गाणं घेतलं. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. त्यांचं ध्वनिमुद्रण बेळगावात कॉफीच्या काउंटरवर का मिळू नये?

शहापूरचा तबलजी
अर्धीच गोष्ट सांगितलात. 2015 मध्ये स्टारबक्सनं दुकानांतून सीडी विकणं बंद केलं, तेही सांगा की. गाण्याचा दुकानदार न खपणारी भैरवीसुद्धा वर्षानुवर्षं जपून ठेवतो. कॉफीवाला तिथं मफिन मांडणार, कारण त्यात पैसा जास्त.
आणि ऐकणार कसं? परवा इथल्याच एका कॅफेत विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल लागला होता. मशीनची वाफ सुटली की तानपुरा गडप. गायक समेवर यायच्या आतच पोरानं दुसरं गाणं लावलं. माझा जीव अक्षरशः तळमळला.

निपाणीची लेक
ख्याल लांब, कॅफेत पुरा ऐकायला मिळत नाही, म्हणून नको, हे पटत नाही. जुन्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. गंगूबाई हनगल घरोघरी पोचल्या त्या अशाच तबकड्यांतून.
खरं माझा आक्षेप पैशाचा आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क पक्का केला. पण खानापूरकडच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला, गायकाला काय मिळणार? हे आधी कागदावर लिहून द्या, मग विका.

टिळकवाडीकर
ताई, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. मफिनचा नाही. सीडी काय फक्त कॉफीच्या दुकानातून गेली? मोबाईलवर गाणी आली आणि ती सगळीकडूनच गेली. आता टेबलावर क्यूआर कोड चिकटवा, गाणं आवडलं की तिथंच पैसे भरून घ्या. फळी अडत नाही, माल पडून राहत नाही.

शहापूरचा तबलजी
फळी नाही अडणार, खरं यादी कोण करणार? साखळीचे निर्णय लांबच्या मोठ्या कार्यालयात होतात. भीमसेनजींचे अभंग आणि त्यांचीच कन्नड दासवाणी (हरिदास संतांची पदं) आमच्याकडे एकाच घरात, एकाच सकाळी लागतात. लांब बसून यादी करणारा एकतर मराठी निवडेल, नाहीतर कन्नड. निवड इथल्या गाणं शिकवणाऱ्यांकडे द्या, मराठी आणि कन्नड दोघांकडे. तेवढं लेखी मिळालं तर मी विरोध मागे घेतो. तोवर नाही.