मद्रासचे उद्योग खाते आणि मोर्ले यांचा नकार

चर्चाप्रस्ताव
"सरकारच्या उद्योग खात्याने कधी काही उभे केले नाही," हे विधान काल येथे वाचले आणि स्वस्थ बसवेना. इंग्रज अभियंते आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या सरकारी कलाशाळेत १८९८ मध्ये ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचे काम सुरू केले आणि धंदा जम धरू लागताच १९०३ मध्ये तो खाजगी कंपनीकडे सोपवला. पुढे क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमचे क्षार वापरून, कातडे कमावण्याचे प्रयोग झाले, सेलमला हातमागाचे काम झाले. मद्रासचे हे उद्योग खाते अपयशी ठरले नाही. १९१० मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री मोर्ले यांनी ते मोडले.

प्रतिसाद १
मोर्ले यांच्यामागे गोऱ्या व्यापाऱ्यांचा दबाव होता, हे मान्य. तरीही करदात्यांच्या पैशावर सरकारने कारखाने चालवू नयेत, हे तत्त्व चुकीचे ठरत नाही. त्याच १९१० मध्ये किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली, तीही कोणत्याही खात्याविना.

प्रतिसाद २
हे अर्धसत्य आहे. बेळगावातून बस्तान हलवावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली ती औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी. तो राजाश्रयच होता! ब्रिटिश मुलखातला उद्योजक कोणत्या राजाकडे जाणार होता?

प्रतिसाद ३
राजाश्रयाचे कौतुक पुरे. माझ्या वडिलांनी आपल्या लेथच्या (धातू कातण्याच्या यंत्राच्या) शेडसाठी उद्योग खात्याकडे कर्जाचा अर्ज केला, तेव्हा शेडचा नकाशा तीन वेळा परत आला. तिसऱ्यांदा कारण होते खिडकीची रुंदी. मंजुरी आली तोवर वडिलांनी लेथ विकला होता. खाते म्हटले की मला ती खिडकी दिसते.

प्रतिसाद २
आपल्या वडिलांवर अन्याय झाला, याबद्दल शंका नाही. पण त्या खिडकीचा राग चॅटर्टन यांच्यावर काढू नका. १९१४ मध्ये मद्रासला खाते पुन्हा सुरू करावे लागले. १९२१ पासून प्रांतांत उद्योग हा विषय लोकनियुक्त मंत्र्यांकडे आला खरा, पण तिजोरी राखीव खात्यात, म्हणजे गव्हर्नरच्याच हाती, राहिली. ज्याच्या हाती पैसा नाही, त्याच्याकडून कारखान्यांची अपेक्षा कशी करता?

प्रतिसाद १
तिजोरीचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. प्रयोग करून धंदा दुसऱ्याच्या हाती देणारे खाते मला चालेल. मालक होऊन बसणारे नाही.

चर्चाप्रस्ताव
चॅटर्टन यांनी नेमके तेच केले. क्रोमचे कातडे पाण्यात सहजासहजी कुजत नाही, म्हणून त्यांनी ते मोटेसाठी वापरून पाहिले. विहिरीवर मोट हाकणाऱ्या शेतकऱ्यासाठी असा प्रयोग त्या काळी दुसरे कोण करणार होते?